चढावरचा तिसरा गियर

"गाडीत धूर येतोय," असं माझा नवरा जेवता जेवता म्हणला. धुराचं मला काय न्हाई वाटलं. जुनी गाडी, धूर यायचाच. पण त्याच्या पुढचं ऐकलं आणि माझी भाकरी तव्यावर तशीच ऱ्हायली.

"रंभाबाईला चक्कर येतीया," म्हणला.

आता बघा! गाडी ह्याची, चालवणार हा, रोज त्या केबिनमदी बसणार हा. आणि चक्कर कुणाची सांगतोय? रंभाबाईची!

"आणि तुमाला न्हाई येत?" मी इचारलं.

"मला कशाला येतीया? माझी खिडकी उघडीच असती."

"मग तिची काळजी तिच्या घरचं करतील. तुमी जेवा."

तो जेवत ऱ्हायला. कालवणात मीठ कमी पडलेलं हुतं, त्यावरही बोलला न्हाई. एरवी मीठ इसरलं तर ताट सरकवणारा मानूस. म्हणजे ध्यान ताटात न्हवतंच. कुटं हुतं ते मला ठावं हुतं, ताम्हिणीला हुतं.

आमी पौडातली. मी फहमिदा, नवरा नसीर, आमची तीन पोरं आणि माझे सासरे इलाही. त्यांना घरात सगळे अब्बा म्हणायचे. आणीबाणी उठून सरकार बदललं, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली ही गोष्ट. अब्बांनी एका ठेकेदाराची जुनी पिकअप घेतलेली हुती. पुढं केबिन आणि मागं उघडा हौदा. मीठ, रॉकेल, गूळ, पत्रे, काय बी भरायचं आणि मुळशीच्या तळ्याकाठनं पार ताम्हिणीपर्यंत दुकानादुकानात पोचवायचं. अब्बांची छाती भरायला लागल्यापासनं चालवायचं काम नसीरकडं आलं.

आणि आमच्या घरची रीत अशी, की सुनेनं नवऱ्याच्या शेजारी केबिनमदी बसायचं न्हाई. पुढं अब्बा बसणार. ते नसले तर कुणी पाव्हणा, कुणी म्हातारंकोतारं, कुणी बाळंतीण. नवऱ्याला चिकटून बाजारपेठेतनं गेलेली सून दिसली असती तर अब्बांना पान गोड लागलं नसतं. म्हणून लगीन झाल्यापासनं मी आपली मागं, मिठाच्या गोण्यांवर, केबिनच्या पत्र्याला टेकून. माहेरी निघाले तरी तितंच, दवाखान्यात निघाले तरी तितंच. मला त्याचं काय वाटत न्हवतं असं न्हाई. वाटायचं. पण बोलून काय उपेग?

एक मात्र झालं. बसून बसून त्या गाडीची सगळी खोड मला पाठीनं कळायला लागली. चढ लागला की तिसरा गियर काढून दुसरा टाकायचा, हे अब्बांनी नसीरला कान पिळून शिकवलेलं. "गाडी रडायच्या आत गियर पडला पायजे," हे त्यांचं रोजचं. आणि गियर पडला की मागं माझ्या पाठीला हिसका बसायचा. डोळे मिटून बसले तरी मला कळायचं, आला चढ, पडला दुसरा.

आता ही रंभाबाई. ताम्हिणीला रस्त्याला तिची चहाची टपरी. नवरा मरून गेलेला, घरात सासू अंथरूण धरलेली. बाजारच्या दिवशी पौडाला यायची, साखर-चहापत्ती घ्यायची आणि जाताना आमच्या गाडीनं जायची. पाऊस असा, की हौद्यात बसली असती तर साखरेचा पाक झाला असता. म्हणून ती साखर मांडीवर घेऊन पुढं. रीत मला, तिला न्हाई. ती काय आमची सून हाय?

दिसायला म्हणाल तर काय न्हाई. सावळी, दात जरा पुढं, अंगानं काटकी. मी धा येळा निरखून बघितलं, काय घेण्यासारखं गावलं न्हाई. पण आवाज गोड. आणि बारकं आणखी एक. पयल्यांदा ती ह्याला "नसीरभाऊ" म्हणायची. दिवाळीला म्हणायची, उन्हाळ्यात म्हणायची. पावसाळा लागला आणि नुसतं "डायवर" म्हणायला लागली. "डायवर, निगायचं का?" अगं बाई, भाऊ कुटं गेला मधीच? भाऊ काय पावसानं वाहून गेला?

हे मी कुणाला सांगणार? हसतील लोक. मी आपली आतल्या आत जळत बसले. बाजारच्या दिवशी तो घरी आला की मी त्याचा सदरा चुलीवर वाळत घालायचे. उजवी बाही खांद्यापर्यंत चिंब, कारण गाडीचा वायपर मोडलेला. खिडकीतनं हात काढून काच पुसायची, काचेवर तंबाखू चोळायची म्हणजे पाणी घसरतं. उजवी बाही चिंब आणि डावी कोरडी ठणठणीत. त्या कोरड्या बाहीचा मी वास घ्यायचे. चहाचा वास यायचा. चहा तर सगळेच पितात. पण मला वाटायचं, हा तिच्या केसांचाच.

तर धुराचं निघालं आणि मला वाटलं, हा नवा बहाणा. अब्बा म्हणले, "गाडी बाबालालकडं न्या." बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज आमच्या घराच्या पलीकडंच, चिंचेखाली. मी चहा घेऊन गेले, खरं तर कान घेऊन गेले.

बाबालालनं गाडी चालू ठेवली. सायलेन्सरच्या तोंडावर ओलं गोणपाट दाबून धरलं. "भाभी, बघा," म्हणला, "पायपाला कुटं भोक असलं तर कोंडलेला धूर तितनं फुसकन भाईर येतो. भोक नसलं तर गाडीचा जीव कोंडतो आणि बंद पडती." गाडी थरथरली, गुदमरली आणि बंद पडली. त्यानं पुन्ना चालू केली, खाली घुसून सांध्यासांध्यापाशी पेटती उदबत्ती धरली. उदबत्तीचा धूर सरळ वर. कुटं हलला न्हाई की उडाला न्हाई. बाबालाल तेलकट तोंडानं भाईर आला आणि म्हणला, "गाडीत दोष न्हाई. पायपं ठणठणीत."

गाडीत दोष न्हाई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत न्हाई तर मग कुणात हाय? धूर न्हाई आणि चक्कर मात्र येती? कसली ती चक्कर, मला शिकवू नका.

नसीर म्हणला, "अरं, पण येतोय धूर. रंभाबाई काय खोटं बोलती?"

बघा, आधी नाव तिचंच!

मी कपबशा उचलल्या आणि म्हणलं, "मिस्त्री, एक करा. ह्या सगळ्या पायपाला चुना फासा. सांध्यांना जरा जाड."

"चुना?"

"व्हय, चुना. ईदच्या आधी घराला चुना मारते मी. चुलीचा धूर कुटल्या फटीतनं निसटतोय ते भिंत बघितली की दिसतंय. पांढऱ्यावर काळा पट्टा उठतोय. धूर असला तर चुना बोलंल. नसला तर..." पुढचं मी गिळलं.

बाबालाल हसला, पण त्यानं फासला. मीच कुंचा दिला. रंभाबाईला चक्कर यायची ती ताम्हिणीच्या चढालाच, मग प्रश्न आला, की चढाला केबिनमदी बसून बघणार कोण? अब्बांच्यानं धुरात बसवेना. बाबालालला काम सोडवेना.

"मी बसते," मी म्हणलं.

अब्बांनी खोकून घेतलं, जरा इचार केला आणि म्हणले, "जा. गाडीचं काम हाय." ऐकलं का? इतक्या वर्सात माझ्या दुखण्याला, माझ्या माहेराला जी रीत सुटली न्हाई, ती गाडीच्या धुरासाठी सुटली. तरी मी नावं ठेवली न्हाईत. मी आत गेले, पेटीतनं ईदची साडी काढली आणि नेसले.

"माल टाकायला निगालोय का लगनाला?" नसीर म्हणला.

"चला गप," मी म्हणलं.

तेवढंच तोंड केलं, पण आतनं मी फुलले हुते. खोटं कशाला बोलू? पुढनं रस्ता कसा दिसतो ते मला म्हाईतच न्हवतं. मागं बसल्यावर गेलेला रस्ता दिसतो, आणि पुढं बसल्यावर येणारा. माले गाव गेलं, तळं आलं, पाणी पार काठाला भिडलेलं. माझ्या बाजूला रेक्झिनचा पडदा घट्ट बांधलेला, कारण पाऊस त्याच बाजूनं झोडपत हुता. मी मुद्दाम दोन-तीनदा इचारलं, "ह्यो गाव कुटला?" मला ठावं हुतं तरी. त्यानं सांगितलं आणि मला बरं वाटलं. वास घ्यायला आलेय हे मधीमधी मी इसरूनच जात हुते.

ताम्हिणीच्या अलीकडं मोठा चढ हाय. तो लागायच्या आधी माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. हळूच. रस्त्याला चिटपाखरू न्हवतं, सासरे न्हवते, बाजार न्हवता. आपलाच नवरा. टेकवलं.

"सरक," तो म्हणला. "दुसरा टाकायचाय."

आणि गियर टाकताना त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी सरकले. त्याचं चुकलं असं न्हाई. चढाला गियर टाकायलाच पायजे, आणि गियर डाव्या हातानंच पडतो. मी पदर सारखा केला आणि चढ संपेपर्यंत पडद्याकडं तोंड करून बसले.

वर पोचल्यावर गाडी उभी केली. मला चक्कर न्हाई, मळमळ न्हाई, कसला वास न्हाई. खाली वाकून बघितलं तर चुना पांढराशुभ्र, नुसता चिखलाचे शिंतोडे.

"बघा," मी म्हणलं. "चढ तोच, गाडी तीच, वजन तेच. मला धूर लागत न्हाई, तिला बरा लागतोय."

"आता त्याला मी काय करू?" तो म्हणला.

घरी येऊन मी साडी घडी घालून ठेवली.  आणि माझं ठरलं. बाजारच्या दिवशी मी जाणार. पुढं न्हवं, मागं, माझ्या जाग्यावर. अब्बांना म्हणलं, "मागनं सायलेन्सर बघते." ते म्हणले, "बघ."

बाजारच्या दिवशी रंभाबाई साखरेची पिशवी घेऊन आली. मला हौद्यात ताडपत्रीखाली बघून थबकली. "वैनी, अवो तुमी पुढं बसा की. मी बसते मागं."

"नगं बाई," मी म्हणलं, "तुमीच बसा. धूर तुमालाच भेटतोय."

तिला त्यातलं काय कळलं न्हाई. ती हसली, डोळ्याखाली ही काळी वर्तुळं, आणि चढून बसली. चालू झाली गाडी. केबिनला मागं एक वीतभर काच हाय. ताडपत्रीखाली वाकून बघितलं की दोन डोकी दिसतात. तळं येईपर्यंत ती दोन डोकी लांब लांब हुती. ती काहीतरी सांगत हुती, हा मान हलवत हुता. माझ्याशी बोलताना ह्याची मान कधी हलती का? दगड बरा.

तळं संपलं आणि पाऊस असा कोसळाय लागला की काचेतनं काय दिसंना. मी पत्र्याला टेकून बसले. चढ लागला, मला कळलं. गोण्या मागं सरकल्या. आता हिसका बसंल म्हणून मी पाठ ताठ केली.

हिसका बसला न्हाई.

मी वाट बघितली. गाडी रडाय लागली. घूं घूं करत, आख्खी थडथडत, जशी दमेकरी म्हातारी जिना चढती तशी. हौद्यातला रॉकेलचा डबा नाचाय लागला. तिसऱ्यातच! दुसरा पडंना! मला वाटलं, झोप लागली का ह्याला? मी पदरानं काच पुसली आणि डोळा लावला.

एक डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर हुतं.

तो जागा हुता. चांगला जागा. उजवा हात स्टेरिंगवर, पाऊस बाहीवर घेत. आणि डावा हात मांडीवर, निवांत पडलेला, जसं त्या हाताला काय कामच न्हाई. गाडी मरायला टेकली हुती आणि हा मानूस, ज्याला बापानं कान पिळून गियर शिकवला, तो खांदा हालंल म्हणून गियर टाकत न्हवता.

आग लागू दे त्या काचेला! मी दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. "थांबवा! थांबवा म्हणते न्हवं!"

त्यानं बिरेक लावला. आणि बिरेक लावायच्या आधी, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलं, त्यानं डावा पंजा तिच्या कपाळाला लावला, पुढं आपटू नये म्हणून. गियरला हात निगाला न्हाई, पण तिच्या कपाळाला निगाला.

मी खाली उडी मारली, पडदा टराटरा सोडला आणि तिचा दंड धरून ओढलं. "उठा की राणीसाहेब!" ती उठली न्हाई. पिठाच्या पोत्यासारखी माझ्या अंगावर आली. केबिनमदनं असला वास आला, की माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिचं तोंड लालभडक, डोळे अर्धे उघडे. माझा राग तितंच लटपटला. तिला कडंला बसवलं, तोंडावर पावसाचं पाणी मारलं. तवा ती भडाभडा ओकली. तिचं कपाळ मीच धरलं. दुसरं कोण धरणार? त्याला तर मी धरू देणार न्हवते.

जरा येळानं ती बोलाय लागली. "वैनी, उतरताना चक्कर यायची खरी, पर ती झोप मला झोपच वाटायची. घरी सासू रातभर हाका मारती, डोळ्याला डोळा लागत न्हाई. ह्या गाडीत बसलं की तेवढी लागायची बघा. डायवरला किती त्रास झाला आसंल, भाऊ म्हणून सोसलं त्यांनी."

भाऊ! आला भाऊ परत! तिच्या तोंडाकडं बघितलं, त्यात काय बी न्हवतं. नुसती दमलेली बाई. धुरानं झोपत हुती बिचारी, खरोखर धुरानं. आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? आणि हिच्यावर रागवता येईना म्हणून मला जास्तच राग आला.

तोवर नसीर गाडीखाली घुसून ओरडत हुता. "काळा! फहमिदा, काळा पट्टा! हितं बघ, डाव्या सांध्याला!" मी वाकून बघितलं. रंभाबाईच्या पायाखाली जिथं पायपाचा सांधा हाय, तितं चुना काजळीनं काळा झालेला. वर पाय ठेवायच्या फळीला फट, फटीतनं सरळ केबिन.

"बघ," तो म्हणला, भिजलेला, चिखलानं भरलेला, पर असा खूष. "धूर हुता का न्हाई? मी सांगत हुतो. तुझं आपलं भलतंच."

मी पदर पिळला. रंभाबाईला मागं हौद्यात हवेला घेतलं, तिच्या टपरीपाशी सोडलं आणि आमी परत फिरलो. परत येताना मी मागंच बसले. प्रत्येक चढाला, बारक्यातल्या बारक्या चढालासुदा, माझ्या पाठीला हिसका बसला. एक बी चुकला न्हाई.

चिंचेखाली बाबालाल गाडीखाली घुसला आणि डोकं खाजवत भाईर आला. अब्बा खाटेवर बसलेले. "सांधा तर घट्ट हाय की," बाबालाल म्हणला. "त्या दिवशी भाभी बसल्या तवा चुना पांढरा. आज काळा. वजन तेच, चढ तोच. मग बदललं काय?"

सगळे इचार कराय लागले. अब्बा म्हणले, पाऊस जास्त हुता. नसीर म्हणला, रॉकेलचे डबे जास्त हुते. मला ठावं हुतं काय बदललं ते. गप बसावं का बोलावं? गप बसले तर दोष गावणार न्हाई आणि पुढच्या बाजाराला ती बया पुन्ना तितंच झोपणार. बोलले तर...

"गियर," मी म्हणलं. "आज दुसरा पडला न्हाई. आख्खा चढ तिसऱ्यात चढवला."

बाबालालनं मांडीवर थाप मारली. "असं म्हणा की! मग बरोबर. चढाला तिसऱ्यात ओढलं की इंजिन हाबकतंय, एका अंगाला उचलतंय, आणि त्यासंगं हा सांधा तोंड उघडतोय. दुसरा टाकला की इंजिन खाली बसतं, तोंड बंद. म्हणून माझ्या दारात उभ्या गाडीला काय गावंना." मग तो नसीरकडं वळला. "नसीरभाई, नशीब समजा. बंद केबिनमदी हा धूर मानसाला झोपवतोय, आणि झोपलेलं उठंलच असं न्हाई. अजून एखादा चढ तसाच ओढला असता तर ती बाई गेली हुती."

नसीर पांढराफटक पडला. त्यानं गाडीचा पत्रा धरला. मी तीन बाळंतपणं काढली, एकात मरता मरता वाचले, तवा तो भाईर बिडी ओढत हुता म्हणे. त्याचं असं तोंड मी आजच पयल्यांदा बघितलं.

"आणि काय रं," अब्बा खाटेवरनं कडाडले, "तिसऱ्यात चढवतोस? हे शिकवलं तुला मी? गियर का न्हाई टाकला?"

नसीर पत्र्यावरचा चिखल नखानं खरवडाय लागला.

"बोल की! गाडी रडत हुती, ऐकू आलं न्हाई? का न्हाई टाकला?"

नसीरनं मान खाली घातली. अब्बांना खरंच कळत न्हवतं. बाबालालला बी न्हाई. त्या चिंचेखाली दोघांनाच ठावं हुतं का न्हाई टाकला ते, आणि त्यातला एक मान वर करत न्हवता.

"पाऊस लई हुता, अब्बा," मी म्हणलं. "काच पुसत हुते ते."

तवा त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. वीतभर काच मागं असती हे त्याला तवा आठवलं आसंल.

बाबालालनं सांधा सोडला, नवं पॅकिंग घातलं, बोल्ट बदलले, इंजिनखालचं झिजलेलं रबर काढून दुसरं बसवलं. फळीची फट पत्र्यानं बंद केली. पुन्ना चुना फासला आणि म्हणला, "आता एकदा भरल्या गाडीनं तोच चढ मुद्दाम तिसऱ्यात चढवा. चुना पांढरा ऱ्हायला की काम झालं. भाभी, तुमीच जा, तुमाला कळतंय त्यातलं." अब्बा म्हणले, "पुढंच बस. वास घ्यायला पुढंच बसाय लागंल."

ती ईदची साडी मी पेटीतनं काढली न्हाई. रोजचीच नेसले.

तळं मागं पडलं. पडदा बांधलेला, पाऊस तसाच. रंभाबाई त्याच्या आदल्या बाजाराला एसटीनं गेली हुती. तिनंच ठरवलं, मी काय बोलले न्हवते. चढ दिसाय लागला. मी त्याच्याकडं न बघता डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. हट्टानंच टेकवलं म्हणा.

तो "सरक" म्हणला न्हाई.

चढ लागला. गाडी घूं घूं करून रडाय लागली, फळी थडथडाय लागली. खांदा हालला न्हाई. कोरड्या बाहीला गाल लावून मी बसले, आणि काय सांगू, बरं वाटलं हो. वास न्हाई, धूर न्हाई, आणि तरी डोकं हलकं झालं. मला वाटलं, असंच असतं व्हय हे? हे तिला दर बाजाराला मिळत हुतं, झोपेत, न मागता. मला आज मिळालं. मिळालं तर खरं. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून का व्हयना.

मग मी डोळे उघडले. त्याचा डावा हात मांडीवर न्हवता. गियरच्या मुठीवर हुता, बोटं आवळून, चढ कधी संपतोय याची वाट बघत.

"झालं," मी म्हणलं. डोकं उचललं. "बघून झालं. टाका दुसरा."

त्यानं लगीच टाकला. निमिषभर सुदा थांबला न्हाई. हिसका बसला, आणि गाडी रडायची थांबली.